शुभ बोल, नाऱ्या!

साखरेच्या गोळीने वजन उचललं जातं आणि एका वाक्याने कंबर धरते! आपण किती धावणार, किती वाकणार आणि कधी थांबणार, यात कानावर पडलेल्या शब्दांचा हात केवढा असतो, बघा तर...

'त्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे हो!' हे वाक्य ज्या घरात ऐकू आलं नाही, असं मराठी घर शोधून सापडायचं नाही. गल्लीतला जुना दवाखाना, बाकावर ताटकळलेले पेशंट, आत गेल्यावर पाठीवर डॉक्टरांचा हात आणि 'काही नाही, दोन दिवसांत पळायला लागाल' एवढंच वाक्य. औषधाची पुडी उघडायच्या आत निम्मं दुखणं गायब! याच घरात आणखी एक वाक्य असतं. चांगल्या प्रसंगी कुणी भलतंसलतं बोललं की आजी डोळे वटारून म्हणते, 'शुभ बोल, नाऱ्या!' शुभ बोल म्हटल्यावर मांडवाला आग लागल्याची बातमी देणारा हा म्हणीतला नाऱ्या. याने तोंड उघडलं की समोरच्याचे हातपाय गळालेच म्हणून समजा.

हाताचा गुण आणि नाऱ्याची जीभ, दोन्ही गोष्टी आपण हसण्यावारी नेतो. पण गेल्या पन्नासेक वर्षांत शास्त्रज्ञांनी त्याच उचलून लॅबमध्ये नेल्या. स्टॉपवॉच लावलं, ट्रेडमिलवर पळवलं, मेंदूचे स्कॅन काढले. पहिल्या गोष्टीला ते म्हणतात प्लासिबो, दुसरीला नोसिबो. दोन्ही शब्द लॅटिन. प्लासिबो म्हणजे 'मी खूश करीन' आणि नोसिबो म्हणजे 'मी इजा करीन'.

आता तुम्ही म्हणाल, हे औषधगोळ्यांचं झालं, आमचा काय संबंध? आहे बॉस, जाम संबंध आहे! सकाळी जिम, दिवसभर खुर्ची, मनगटावर स्मार्टवॉच, रविवारी सिंहगड आणि सोमवारी पाठदुखी हे ज्यांचं टाइमटेबल आहे, त्यांच्याशी तर फारच. आपलं शरीर किती हलतं, यावर या दोघांचा ताबा आपल्याला वाटतो त्याहून जास्त आहे.

गोळी गोड, वजन जड

गोष्ट २००० सालची. ब्रिटिश संशोधकांनी राष्ट्रीय पातळीवरचे ११ पॉवरलिफ्टर गोळा केले. त्यांना एक गोळी दिली आणि सांगितलं, हे झटपट काम करणारं स्टेरॉइड आहे. प्रत्यक्षात गोळी होती सॅकरीनची. हो, तीच, डायबेटिसवाले काका चहात टाकतात त्यातली! लिफ्टर्सनी ती गिळली आणि बेंच प्रेस, स्क्वॉट, डेडलिफ्ट या तिन्हींत स्वतःच्या आधीच्या आकड्यांपेक्षा जास्त वजन उचललं. ही काही गल्लीतली पोरं नव्हती. अशा खेळाडूंचं वजन एरवी महिनोन्महिने घाम गाळल्यावर किलो-दोन किलोंनी सरकतं.

खरी गंमत पुढे आहे. आठवडाभर गोळ्या घेऊन झाल्यावर पुन्हा टेस्ट ठेवली आणि त्याआधी निम्म्या लिफ्टर्सना खरं सांगून टाकलं, 'बाबांनो, यात काहीच नव्हतं.' झालं! त्यांचे आकडे घसरून मूळ पदावर आले. ज्यांना कुणी काही सांगितलं नाही, ते मात्र जास्तीचं वजन उचलतच राहिले. स्नायू तेच, जिम तीच, आठवडाही तोच. मध्ये फक्त एक वाक्य पडलं होतं.

असा प्रयोग पहिल्यांदा झाला असंही नाही. अमेरिकेत १९७२ साली गिडियन एरियल आणि विल्यम सॅव्हिल यांनी कॉलेजच्या वेटलिफ्टर्सना स्टेरॉइड म्हणून साध्या गोळ्या दिल्या होत्या. गोळ्या सुरू झाल्यावर त्यांची ताकद आधीच्या आठवड्यांपेक्षा भराभर वाढली.

कॉफी न पिता किक

ऑफिसच्या व्हेंडिंग मशीनला दिवसातून पाच वेळा नमस्कार करणाऱ्यांनी पुढचा भाग नीट वाचा. २००६ साली ख्रिस बीडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात तरबेज सायकलपटूंना १० किलोमीटरची शर्यत घड्याळाविरुद्ध पुन्हा पुन्हा करायला लावली. त्यांना सांगितलं, कधी तुम्हाला कॅफीन मिळणार नाही, कधी मध्यम डोस मिळेल, कधी तगडा. खरं तर एकाही वेळी कॅफीन नव्हतंच.

पायडलवरची ताकद मोजली तेव्हा काय दिसलं? मध्यम डोस घेतलाय असं वाटलं तेव्हा ताकद १.३ टक्क्यांनी वाढली. तगडा डोस घेतलाय असं वाटलं तेव्हा ३.१ टक्क्यांनी. म्हणजे जो डोस अस्तित्वातच नव्हता, त्याचाही परिणाम डोसच्या मापात! आणि 'आज आपल्याला काहीच मिळालेलं नाही' असं वाटलं तेव्हा? ताकद १.४ टक्क्यांनी घटली. प्लासिबो आणि नोसिबो एकाच सायकलवर डबल सीट.

एक-दोन टक्के म्हणजे किस झाड की पत्ती, असं वाटत असेल तर कुठल्याही ऑलिम्पिक फायनलचा निकाल काढून बघा. सोनं आणि चौथा नंबर यांच्यात अनेकदा तेवढंही अंतर नसतं. आपल्यासारख्यांना मेडल नको असतं, मान्य. पण ज्या दिवशी 'आज कॉफी नाही झाली, आज काही खरं नाही' असं म्हणत आपण ट्रेडमिलवर चढतो, त्या दिवशी आपणच आपले नाऱ्या झालेलो असतो.

ब्रेकवर पाय कुणाचा?

हे होतं कसं? नसलेल्या गोळीतून ताकद येते कुठून? उत्तर सोपं आहे. ती बाहेरून येत नाही, आपल्याकडे असतेच. आपण ती वापरत नाही.

आपण दमतो तेव्हा वाटतं, टाकी रिकामी झाली. पण 'बस, आता एक पाऊलही नाही' असं वाटतं तेव्हा टाकीत बहुधा थोडं पेट्रोल शिल्लक असतं. मेंदू काटकसरी गृहिणीसारखा पैसे डब्यात बाजूला ठेवतो आणि ब्रेकवर हलकासा पाय दाबून बसतो. ब्रेक किती दाबायचा, हे तो नुसत्या स्नायूंना विचारून ठरवत नाही. अजून किती अंतर आहे, मागच्या वेळी काय झालं होतं, आज काय खाल्लंय, कोच काय म्हणाला, सगळा हिशेब तो मांडतो. त्या हिशेबात एक आकडा बदलला की पाय थोडा उचलला जातो.

२०१२ साली ब्रिटनमध्ये झालेल्या एका प्रयोगात हे मस्त दिसलं. सायकलपटूंना ४ किलोमीटरची शर्यत स्क्रीनवरच्या प्रतिस्पर्ध्याशी लावायची होती. 'हा प्रतिस्पर्धी म्हणजे तुमचाच सर्वांत चांगला परफॉर्मन्स' असं त्यांना सांगितलं होतं. त्यांच्या नकळत एका वेळी त्या प्रतिस्पर्ध्याची ताकद त्यांच्या बेस्टपेक्षा २ टक्के जास्त ठेवली. पठ्ठ्यांनी काय करावं? जी वेळ त्यांना आधी जिवाचं रान करून जमली नव्हती, ती त्यांनी काढली! 'हे मी आधी केलंय' एवढं मेंदूला पटलं आणि डब्यातले पैसे बाहेर आले.

इटलीत तूरिनच्या टीमने २००८ मध्ये आणखी एक पायरी गाठली. मांडीच्या स्नायूंचा व्यायाम, लेग एक्स्टेंशन. कॅफीनचा तगडा डोस म्हणून भलतंच काही प्यायला दिलं, तर लोकांनी जवळपास १२ टक्के जास्त काम केलं. मग संशोधकांनी एक डाव टाकला. ते पेय दिल्यावर मशीनवरचं वजन गुपचूप कमी करून ठेवलं. लोकांना वाटलं, वा, या पेयाने काय हलकं वाटतंय! त्यानंतर मूळ वजन परत लावलं, तरी त्यांनी २२ टक्के जास्त काम केलं आणि दमल्यासारखंही कमी वाटलं. नुसत्या बोलण्यापेक्षा बोलणं अधिक अनुभव हे मिश्रण भारी पडतं. नवख्या माणसाला पहिल्या दिवशी हलकी डंबेल्स देणारा ट्रेनर नकळत हेच करत असतो.

मनात नाही, मेंदूत

'म्हणजे सगळे मनाचे खेळ!' असं म्हणून हात झटकायच्या आधी थांबा. मनाचे खेळ असले तरी त्यांची मैदानं शरीरातच आहेत. तूरिनच्याच फाब्रिझिओ बेनेदेत्ती यांनी २००७ मध्ये काय केलं, तर काही जणांना सरावाच्या दिवशी मॉर्फिन देऊन वेदना सहन करायला लावल्या. स्पर्धेच्या दिवशी मॉर्फिन म्हणून साधं सलाइन टोचलं. तरी ती मंडळी वेदना जास्त वेळ सहन करू शकली. पण मॉर्फिनसारख्या रसायनांना अडवणारं नॅलोक्सोन हे औषध दिल्याबरोबर हा फायदा पुसला गेला. अर्थ काय? विश्वासाच्या जोरावर शरीराने स्वतःच मॉर्फिनसारखं रसायन तयार केलं होतं. बेनेदेत्तींनी मग क्रीडा जगताला एक खवचट प्रश्न विचारला. स्पर्धेच्या दिवशी मॉर्फिनवर बंदी आहे. पण त्या दिवशी अंगात मॉर्फिन नाहीच, फक्त त्याची आठवण आहे. मग हे डोपिंग म्हणायचं की नाही?

पार्किन्सन्सच्या आजारात तर हे आणखी स्पष्ट होतं. या आजारात मेंदूतलं डोपामिन कमी पडतं आणि हालचाल मंदावते. २००१ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या संशोधकांनी स्कॅनवर दाखवलं की औषध म्हणून सलाइन दिलं तरी पेशंटच्या मेंदूत खरोखरचं डोपामिन सुटतं. पुढे २०१५ मध्ये अमेरिकेत सिनसिनाटीला १२ पेशंटना दोन इंजेक्शनं दिली. एकाची किंमत सांगितली डोसला १०० डॉलर, दुसऱ्याची १५०० डॉलर. दोन्हींत सलाइनच. महागडं इंजेक्शन घेतल्यावर हालचाल स्वस्तातल्यापेक्षा जास्त सुधारली! महागडे रनिंग शूज घेतल्यावर पहिला आठवडा आपण हरणासारखे का पळतो, याचं उत्तर कदाचित इथेच कुठेतरी असावं.

आता नाऱ्याची एन्ट्री

इथवर सगळं गोड गोड झालं. पण हाच रस्ता उलट्या दिशेनेही जातो, आणि आपलं खरं नुकसान तिथे होतं.

२००७ मधला बीडींचा आणखी एक प्रयोग. खेळाडूंना सगळ्यांना सारखीच निरुपयोगी कॅप्सूल दिली आणि ३० मीटरच्या स्प्रिंट मारायला लावल्या. एका गटाला सांगितलं, याने वेग वाढतो. दुसऱ्याला सांगितलं, याने तुमचा वेग कमी होऊ शकतो. दुसरा गट कॅप्सूल घेतल्यावर १.७ टक्क्यांनी हळू धावला. कुणी त्यांना रोखलं नव्हतं, पाय बांधले नव्हते. फक्त बातमी वाईट होती.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१९ मध्ये हा खेळ जीन्सपर्यंत पोचला. लोकांना आधी ट्रेडमिलवर पळवलं. मग त्यांची जेनेटिक टेस्ट केली आणि काहींना सांगितलं, तुमच्याकडे व्यायामाची क्षमता कमी करणारा जीन आहे. कुणाला काय सांगायचं, हे त्यांच्या खऱ्या जीनवर नव्हे, तर चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. पुन्हा पळवलं तेव्हा 'वाईट जीन'वाले लवकर थांबले आणि त्यांची फुप्फुसंही कमी कार्यक्षमतेने चालली. ज्यांच्याकडे तो जीन नव्हता त्यांचीसुद्धा! (नंतर सगळ्यांना खरं काय ते सांगितलं गेलं, काळजी नको.) 'आमच्या घराण्यातच स्टॅमिना नाही रे' म्हणणाऱ्या मित्राला हा परिच्छेद जरूर वाचून दाखवा.

मणक्यात गॅप

लॅबमधून आता थेट आपल्या खुर्चीत येऊ या. समजा, वय २९, आयटीतली नोकरी. दीड महिना कंबर दुखतेय. कुणीतरी सांगितलं म्हणून एमआरआय काढला. रिपोर्ट घरी आला. एल-फोर एल-फाइव्हला डिस्क डेसिकेशन, डिफ्यूज बल्ज, थीकल सॅकवर दाब. शब्द वाचूनच घाम फुटतो. कुणीतरी मराठीत भाषांतर करतं, 'मणक्यात गॅप आहे.' मग आई बादली उचलू देत नाही, 'वाकू नकोस हं!' मावशी फोनवर सांगते, 'आमच्या शेजारच्यांचं असंच झालं, शेवटी ऑपरेशन!' क्रिकेट बंद, ट्रेक बंद, बाइक बंद. महिन्याभरात माणूस बुटाची लेस बांधतानाही काचेचा असल्यासारखा वाकायला लागतो.

आता हे आकडे बघा. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी ३३ अभ्यास एकत्र केले. त्यात ३,११० लोकांचे मणक्याचे स्कॅन होते आणि यातल्या कुणालाही पाठदुखी नव्हती. तरीही विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या डिस्कमध्ये झीज दिसली आणि ३० टक्क्यांच्या डिस्कला फुगवटा. तिशीत झीज ५२ टक्क्यांवर आणि ऐंशीत ९६ टक्क्यांवर! म्हणजे रिपोर्टमधले बरेच भयानक शब्द हे मणक्याचे पांढरे केस आहेत. केस पांढरे झाले म्हणून डोकं दुखत नाही.

यावरचा फार महत्त्वाचा अभ्यास आपल्याच देशात झालाय. कोइम्बतूरच्या गंगा हॉस्पिटलमध्ये डॉ. एस. राजशेखरन आणि सहकाऱ्यांनी तो २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. जुनाट कंबरदुखीचे ४४ पेशंट. निम्म्यांना एमआरआयचा रिपोर्ट शब्दन् शब्द समजावला. उरलेल्यांना सांगितलं, तुमचा स्कॅन नॉर्मल आहे, वयानुसार होणारे बदल तेवढे आहेत. उपचार दोघांना सारखेच, तेही ऑपरेशनशिवायचे. सहा आठवड्यांनी बघितलं तर काय? ज्यांना सगळा रिपोर्ट ऐकवला, त्यांना आपला मणका जास्त बिघडलाय असं वाटत होतं, भीती वाढली होती, दुखणं कमी उतरलं होतं आणि रोजची कामं करण्याची क्षमताही मागे पडली होती. फरक फक्त ऐकवलेल्या शब्दांचा.

जर्मनीतही २००१ मध्ये जुन्या पाठदुखीच्या पेशंटना पाय वाकवण्याची एक साधी चाचणी दिली होती. 'यात थोडं दुखेल' असं ज्यांना आधी सांगितलं, त्यांना जास्त दुखलं आणि त्यांनी हालचालही कमी केली. इथेच दुष्टचक्र सुरू होतं. भीतीने हालचाल कमी, हालचाल कमी म्हणून स्नायू ढिले, स्नायू ढिले म्हणून आणखी दुखणं. मग आपण म्हणतो, 'बघ, मी म्हणत होतो ना!'

ऑपरेशन, जे झालंच नाही

अमेरिकेत टेक्सासमधल्या ह्यूस्टनला २००२ मध्ये डॉ. ब्रूस मोझली यांनी एक धाडस केलं. हे ह्यूस्टन रॉकेट्स या बास्केटबॉल टीमचे डॉक्टर. गुडघ्याची झीज झालेले १८० पेशंट घेतले. काहींच्या गुडघ्यावर दुर्बिणीने खरंखुरं ऑपरेशन केलं. काहींच्या गुडघ्यावर फक्त छेद दिले, पाण्याचा आवाज केला आणि टाके घातले. पेशंटना आधीच कल्पना दिली होती की तुम्हाला खोटं ऑपरेशनही मिळू शकतं, पण कुणाला काय मिळालंय ते माहीत नव्हतं. दोन वर्षं त्यांचं चालणं, जिने चढणं, दुखणं मोजत राहिले. खऱ्या ऑपरेशनवाले कुठेही पुढे नव्हते.

या अभ्यासाने जगभरात खळबळ उडाली. त्याचा अर्थ 'ऑपरेशनं खोटी असतात' असा अजिबात नाही. अर्थ एवढाच की झिजलेल्या गुडघ्यावरच्या त्या विशिष्ट ऑपरेशनचा जो गुण येत होता, तो दुर्बिणीचा नव्हता.

मनगटावरचा नाऱ्या

आणि आता तर नाऱ्या आपण हप्त्यावर विकत घेतो. संध्याकाळी घड्याळ बझ करतं, 'आज फक्त ४,२०० पावलं!' मूड खलास. मुळात दहा हजारांचा आकडा आला कुठून? १९६० च्या दशकात जपानमध्ये विकायला आलेल्या एका पेडोमीटरच्या नावातून. त्याच्या नावाचा अर्थच 'दहा हजार पावलं मोजणारा' असा होता. सांगायचं तर ते मार्केटिंग होतं, वैद्यकीय संशोधन नव्हे.

स्टॅनफर्डच्याच ॲलिया क्रम यांच्या टीमने २०२३ मध्ये लोकांना स्मार्टवॉच दिली आणि काहींच्या घड्याळात पावलांचा आकडा मुद्दाम ४० टक्क्यांनी कमी दाखवला. चालणं झालेलं असूनही या लोकांना आपण आळशी आहोत असं वाटू लागलं, त्यांचं खाणं बिघडलं, मूड पडला आणि रक्तदाबही वाढला. याच क्रम यांनी २००७ मध्ये एलन लँगर यांच्याबरोबर उलटा प्रयोग केला होता. सात हॉटेलांतल्या ८४ सफाई कर्मचारी महिला. दिवसभर चादरी बदलणं, बाथरूम घासणं. त्यातल्या काहींना सांगितलं, हे तुमचं काम म्हणजे चांगला व्यायामच आहे. चार आठवड्यांत त्यांचं वजन आणि रक्तदाब दोन्ही थोडे उतरले. इथे एक पाचर मारायला हवी. त्या महिला आधीपेक्षा जास्त हलल्या का, हे कुणी यंत्राने मोजलं नव्हतं आणि नंतरच्या एका तशाच प्रयोगात हा फायदा दिसला नाही. तेव्हा लोकलचे जिने चढून वजन उतरल्याचं श्रेय लगेच मनाला देऊ नका. जिन्यालाही द्या.

विश्वासाचं दुकान

जिथे विश्वासाला किंमत आहे तिथे त्याचं दुकानही येणारच. होलोग्राम लावलेला रबरी पट्टा आठवतोय? पॉवर बॅलन्स नावाचा. मनगटात घातला की तोल सुधारतो, ताकद वाढते असा दावा. बास्केटबॉल आणि फुटबॉलचे स्टार तो मिरवत होते. ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने २०१० च्या शेवटी कंपनीला गाठलं, तेव्हा दाव्याला कुठलाही भरवशाचा शास्त्रीय पुरावा नाही, हे कंपनीला कबूल करावं लागलं आणि ग्राहकांना पैसे परत द्यावे लागले.

त्यांचा डेमो भन्नाट होता. आधी पट्ट्याशिवाय हात बाजूला पसरायचा, विक्रेता तो दाबणार, तुम्ही डगमगणार. मग पट्टा घालून पुन्हा तेच, आणि तुम्ही भक्कम! अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ला क्रॉस कॅम्पसवर खेळाडूंना पॉवर बॅलन्स आणि एक साधा स्वस्त पट्टा घालून तपासलं. दोन्हींत काही फरक नाही. मात्र दुसऱ्यांदा टेस्ट केली की माणूस बरा करतोच, पट्टा कुठलाही असो. दुसऱ्या खेपेला शरीराला काय होणार ते ठाऊक असतं. कुठलाही विक्रेता 'आधी असं, नंतर तसं' दाखवायला लागला की हे आठवा.

जिथे मनाचं काही चालत नाही

एक गोष्ट मात्र स्पष्ट करायला हवी, नाहीतर फंडाच चुकायचा. प्लासिबो हाड जोडत नाही, फाटलेला लिगामेंट शिवत नाही, बंद पडलेली रक्तवाहिनी उघडत नाही. तो वेदना, थकवा, उमेद आणि हालचाल यांच्या नॉबला हात घालतो, तोही थोडासाच. खेळातले असे अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर परिणाम लहान ते मध्यम निघतो. महिनाभर सराव न करता मॅरेथॉनला उभे राहिलात तर कुठलीही गोळी कामाला येणार नाही.

आणि दुखण्याला 'मनाचा खेळ' म्हणून गप्प बसवणंही तितकंच घातक. कंबरदुखीबरोबर पायातली ताकद जातेय, जांघेत बधिरपणा आलाय, लघवी-संडासवर ताबा राहत नाही, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. पळताना छातीत दाब येतोय, चक्कर येतेय, तर मशीनवरून उतरायचं. ब्रेक कधी कधी खऱ्या कारणासाठीच लागलेला असतो. 'मेंदू उगाच घाबरवतोय' असं म्हणत त्याला दामटणं हासुद्धा एक मूर्खपणाच.

मग खोटं बोलायचं का?

प्रश्न रास्त आहे. शब्दांनी एवढं होत असेल तर डॉक्टरांनी, कोचनी गोड थापा माराव्यात का? त्या पॉवरलिफ्टर्सना आठवा. थाप उघडी पडली त्या क्षणी सगळी कमाई गेली. वर विश्वासही गेला.

पण यावर एक सुंदर उत्तर पोर्तुगालमधून आलंय. लिस्बनमध्ये जुनाट कंबरदुखीच्या ८३ पेशंटवर झालेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना नेहमीच्या उपचारांबरोबर एक बाटली दिली. तिच्यावर सरळ लिहिलं होतं, प्लासिबो गोळ्या. यात औषध नाही, हेही तोंडावर सांगितलं आणि प्लासिबो कसा काम करतो ते समजावलं. तीन आठवड्यांत त्यांचं दुखणं सुमारे ३० टक्क्यांनी उतरलं. नुसते नेहमीचे उपचार घेणारे बरेच मागे राहिले. हे आकडे पेशंटनी स्वतः सांगितलेले आहेत, कुठल्या यंत्राने मोजलेले नाहीत, हे खरं. तरी एक गोष्ट कळते. थाप मारावी लागतेच असं नाही. खरं बोलूनही धीर देता येतो. गंगा हॉस्पिटलच्या पेशंटना जे सांगितलं त्यात 'वयानुसार होणारे बदल' हे शब्द होते, आणि मणक्याच्या त्या हजारो स्कॅननंतर ते शब्द खोटे कोण म्हणेल?

सत्य एकच असलं तरी ते सांगायच्या पद्धती दोन असतात. 'तुझा मणका झिजलाय' हे एक, आणि 'तुझ्या वयाच्या निम्म्या लोकांच्या मणक्यात हे दिसतं, हळूहळू हलायला लाग' हे दुसरं. पहिल्याने माणूस गादीवर जातो, दुसऱ्याने बागेत. गुण फक्त डॉक्टरांच्याच हाताला असतो असं नाही. ऑफिसात लंगडत आलेल्या सहकाऱ्याला आपण पहिलं वाक्य काय ऐकवतो, त्यालाही असतो.

नाऱ्याला गप्प करायचे सहा फंडे

• रिपोर्ट हातात आला की गूगलच्या आधी डॉक्टरांना विचारा, 'डॉक्टर, माझ्या वयाच्या दुखणं नसलेल्या लोकांतही हे दिसतं का? मी काय काय करू शकतो?' 'काय करू नये' हा प्रश्न दुसरा.

• 'माझी कंबर गेलीय' ऐवजी 'आज कंबर दुखतेय' म्हणा. 'आज' हा शब्द छोटा आहे, पण उद्याचा दरवाजा उघडा ठेवतो.

• जिममध्ये नव्या व्यायामाची सुरुवात इतकी हलकी ठेवा की जमणारच. जमल्याचा अनुभव नुसत्या बोलण्यापेक्षा जास्त टिकतो.

• घड्याळाचा आकडा दिवसाचा नको, आठवड्याचा बघा. आणि झालेल्या पावलांकडे आधी बघा, राहिलेल्यांकडे नंतर.

• कॉफी, लकी टी-शर्ट, ठरलेलं गाणं, जे आवडतं ते खुशाल ठेवा. फक्त ते नसेल तर धावणं अडेल, इतकं डोक्यावर बसवू नका.

• पाठ धरलेल्या मित्राला, भावाला, बॉसला शेजारच्यांच्या ऑपरेशनची गोष्ट सांगायची हुक्की आली की जीभ चावा. त्याऐवजी विचारा, 'चल, चहाला खालपर्यंत चालत जाऊ या का?'